विमानातल्या स्क्रीनला आपला हेडफोन कसा जोडायचा: सातारा-सांगलीहून पहिल्यांदा लांब निघालेल्यांसाठी

मुलगा अमेरिकेत, मुलगी दुबईत, आणि आई-वडील तासगाव, वाई किंवा विट्याहून पहिल्यांदाच परदेशी निघालेत, अशी घरं आता आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. पासपोर्ट, व्हिसा, औषधं, लोणचं-चटणी यांची तयारी महिनाभर चालते. पण मुंबईहून अमेरिकेला थेट जाणारं विमान १५-१६ तास हवेत असतं. एवढा वेळ समोरच्या स्क्रीनवर सिनेमा बघायचा तर त्याचा आवाज आपल्या कानापर्यंत कसा आणायचा, हे कुणी सांगत नाही. कामानिमित्त माझं सांगलीहून परदेशी येणं-जाणं सतत चालू असतं. त्यामुळे नात्यातलं, शेजारचं कुणी निघालं की हा प्रश्न माझ्याकडे येतो. त्या सगळ्यांना जे सांगतो तेच इथे क्रमाने लिहितोय.

आधी एका शंकेचं उत्तर. विमानात हेडफोन फुकट मिळतात, मग घरून न्यायचे कशाला? लांबच्या विमानात बहुतेक कंपन्या ते देतात हे खरं. पण साध्या वर्गात मिळणारा हेडफोन अगदी हलका असतो. त्याचा पातळ स्पंज कानावर नुसता टेकतो आणि बाहेरची घरघर तशीच आत येते. उडत्या विमानात आतला आवाज साधारण ८० ते ८५ डेसिबल असतो. त्यावर मात करायला आपण सिनेमाचा आवाज वाढवत जातो आणि तासाभरात डोकं दुखायला लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा, आणि आवाज जितका मोठा तितके हे तास झपाट्याने कमी होतात. आणखी एक अडचण म्हणजे बऱ्याच कंपन्या विमान उतरायच्या आधीच हेडफोन गोळा करून नेतात. सिनेमाची शेवटची वीस मिनिटं राहिली असतील तर राहिलीच. आपला हेडफोन असला की या दोन्ही गोष्टी मिटतात.

१. आपल्या विमानात स्क्रीन आहे का, ते आधी बघा

कोल्हापूरहून उडणाऱ्या लहान विमानांत सीटसमोर स्क्रीन नसते. पुणे-मुंबईहून देशातल्या देशात जाणाऱ्या स्वस्त तिकिटांच्या विमानांतही बहुधा नसतेच. काही कंपन्या स्क्रीनऐवजी विमानातल्या वायफायवरून आपल्याच मोबाईलवर सिनेमे दाखवतात. त्यासाठी कधीकधी त्यांचं ॲप घरूनच घेऊन ठेवावं लागतं. अशा विमानात आपला मोबाईल आणि रोजचा हेडफोन पुरतो, खालची बरीचशी खटपट लागत नाही.

तिकीट काढलेल्या कंपनीच्या साइटवर आपली फ्लाइट उघडली की विमानाचा प्रकार आणि सोयी दिसतात. तिथे स्क्रीनचा उल्लेख असेल तर पुढे वाचा. मात्र ऐनवेळी विमान बदलू शकतं, म्हणून दोन-तीन सिनेमे, नाटकं किंवा कीर्तनं मोबाईलमध्ये उतरवून ठेवाच. विमानातल्या यादीत हिंदी भरपूर सापडतं, मराठी कमी सापडतं किंवा सापडतच नाही. आई-वडिलांसाठी तर हे डाउनलोड फार महत्त्वाचं आहे.

२. घरातल्या हेडफोनची पिन ओळखा

हेडफोन हातात घ्या आणि वायरचं टोक बघा.

टोकाला गोल, चकचकीत, ३.५ मिलिमीटरची पिन असेल तर उत्तम. विमानासाठी यासारखा सोयीचा हेडफोन नाही.

टोक चपटं, म्हणजे सी टाइप किंवा जुन्या आयफोनचं असेल, तर तो हेडफोन विमानातल्या स्क्रीनला चालणार नाही. इथे बरेच जण फसतात. सीटजवळ यूएसबीचं भोक दिसतं, त्यात पिन बसते, पण आवाज येत नाही. ते भोक बहुतेक विमानांत फक्त चार्जिंगसाठी असतं. दुकानात मिळणारी सी टाइपची छोटी शेपटी घेऊनही उपयोग होत नाही. ती गोल पिनेचा हेडफोन मोबाईलला जोडण्यासाठी असते, आपल्याला नेमकं उलटं हवं असतं.

वायरच नसेल तर तो ब्लूटूथचा. त्यासाठी चौथी पायरी वाचा. पण कानावर बसणाऱ्या मोठ्या ब्लूटूथ हेडफोनलाही कडेला बहुधा एक गोल भोक असतं आणि खोक्यात एक वायर आलेली असते. ती वायर शोधा. तुमची निम्मी अडचण तिथेच सुटेल.

३. दोन पिनांचा अडॅप्टर घ्या, आणि नेमका तोच घ्या

विमानातल्या सीटला बऱ्याचदा शेजारी-शेजारी दोन भोकं असतात. एकातून डाव्या कानाचा आवाज येतो, दुसऱ्यातून उजव्या. आपल्या हेडफोनच्या एकाच पिनेत दोन्ही कान असतात. ती एका भोकात घातली की पुष्कळदा एकाच कानात आवाज येतो.

एका प्रवासात माझ्या शेजारी कराडकडचे एक काका होते, मुलाकडे निघालेले. मुलाने पाठवलेला चांगला हेडफोन गळ्यात होता. बराच वेळ ते पिन फिरवत राहिले, मग हळूच मला म्हणाले, "बाळा, डाव्या कानात येतंय, उजव्यात काहीच नाही. माझा कान गेला का काय?" त्यांचा कान ठणठणीत होता. माझ्या बॅगेतला जादा अडॅप्टर लावून दिला आणि त्यांचा चेहराच खुलला. तेव्हापासून मी कायम दोन अडॅप्टर बाळगतो, आणि तुम्हीही जोडप्याने जात असाल तर दोन घ्या.

हा अडॅप्टर म्हणजे अंगठ्याएवढा प्लॅस्टिकचा ठोकळा. एका बाजूला दोन समांतर गोल पिना, दुसऱ्या बाजूला आपल्या हेडफोनची पिन जाईल असं एक भोक. किंमत काहीशे रुपये. साताऱ्यात पोवई नाक्यावर किंवा सांगलीत विश्रामबागला मोबाईलच्या दुकानात विचारून बघा. तिथे नसेल तर ऑनलाइन सहज मिळतो, फक्त निघायच्या पंधरा दिवस आधी मागवा.

दुकानात नुसतं "ट्रॅव्हल अडॅप्टर" म्हणू नका. हातात परदेशातल्या वीजेच्या सॉकेटचा अडॅप्टर मिळेल. तोही लागतो, पण तो वेगळा. याशिवाय दिसायला जवळपास सारख्या दोन वस्तू आहेत, त्या टाळा:

- एक पिन आणि दोन भोकं असलेली वाय आकाराची वायर. ती दोघांनी मिळून एकाच मोबाईलवर गाणी ऐकण्यासाठी असते.
- दोन सुट्या वायरींच्या दोन पिना आणि एक भोक असलेली, कॉम्प्युटरसाठीची वायर. हिच्या पिनांवर हेडफोन आणि माइकची बारीक चित्रं असतात. एक पिन माइकची असल्यामुळे विमानात पुन्हा एकाच कानात आवाज येईल.

आपल्याला हवा तो ठोकळा, दोन्ही पिना त्यातूनच निघालेल्या. एक पिन दुमडता येत असेल तर आणखी चांगलं. काही नव्या विमानांत एकच भोक असतं, तेव्हा एक पिन दुमडून तोच अडॅप्टर वापरता येतो. अर्थात एकच भोक असेल तर हेडफोन थेट लावला तरी चालतो. कुठे तीन भोकं दिसली तर घाबरू नका. त्यातलं एक हेडफोनला वीज पुरवण्यासाठी असतं. आपला अडॅप्टर सारख्या मापाच्या दोन भोकांत बसेल.

४. ब्लूटूथ हेडफोनच न्यायचा असेल तर

नव्या विमानांपैकी काहींच्या स्क्रीनला थेट ब्लूटूथ जोडता येतं. पण आपलं विमान तसंच निघेल या भरवशावर राहू नका. बाकी विमानांसाठी ब्लूटूथ ट्रान्समीटर नावाचं छोटं यंत्र मिळतं. ते सीटच्या भोकात लावायचं, मग ते आवाज हवेतून हेडफोनला पाठवतं. घेताना तीन गोष्टी बघा.

पहिली, ते "ट्रान्समीटर" आहे याची खात्री करा. बाजारात स्वस्तात मिळणारी बरीचशी यंत्रं रिसीव्हर असतात. ती जुन्या गाडीच्या टेपला मोबाईल जोडायला बरी, आपल्या कामाची नाहीत. दोन्ही कामं करणाऱ्या यंत्रावर बारीक बटण असतं, ते टीएक्सवर (TX, म्हणजे ट्रान्समीटर) ठेवायचं.

दुसरी, त्याच्यासोबत दोन पिनांचा अडॅप्टर आलाय का ते बघा. नसेल तर तिसऱ्या पायरीतला लागेलच.

तिसरी गोष्ट ओठ आणि आवाजाच्या मेळाची. ब्लूटूथने आवाज किंचित उशिरा पोचतो आणि बोलणाऱ्याचे ओठ आधी हलतात. ॲप्टएक्स लो लेटन्सी नावाचं, आवाज लवकर पोचवणारं तंत्र असलेल्या यंत्राने हा फरक जाणवेनासा होतो, पण ती सोय यंत्र आणि हेडफोन दोन्हींत असावी लागते. ॲपलच्या एअरपॉड्सना ॲप्टएक्स चालत नाही, तेव्हा त्यांच्यासाठी केवळ या नावापायी जादा पैसे घालवू नका.

माझं स्पष्ट मत सांगतो. साठीच्या पुढच्या माणसाबरोबर बिनवायरचा हेडफोन देऊ नका. कानातली छोटी बोंडं एका चार्जिंगवर पाच-सहा तास चालतात, मग त्यांना डबीत ठेवावं लागतं. ट्रान्समीटर चार्ज करायचा तो वेगळाच. अंधाऱ्या विमानात जोडणी तुटली तर पुन्हा कोण जोडून देणार? वायरचा साधा हेडफोन आणि अडॅप्टर यांना चार्जिंगही लागत नाही आणि जोडणीही.

५. घरी एकदा रंगीत तालीम करा

सांगलीसारख्या नाट्यपंढरीच्या माणसांना तालमीचं महत्त्व मी काय सांगणार! निघायच्या आठवडाभर आधी एका संध्याकाळी बसून एवढं करून बघा:

- हेडफोनची पिन अडॅप्टरमध्ये घाला. मग अडॅप्टरची एकच पिन जुन्या रेडिओच्या किंवा मोबाईलच्या हेडफोनच्या भोकात घाला. एका कानात आवाज यायला हवा. आता दुसरी पिन घाला, दुसऱ्या कानात यायला हवा. दुमडत्या पिनेच्या अडॅप्टरमध्ये एकाच पिनेतून दोन्ही कानांत आला तरी चालेल. एखाद्या कानात कशानेच आवाज येत नसेल तर अडॅप्टर बदलून आणा.
- बाहेरचा गोंगाट कमी करणारा मोठा हेडफोन असेल तर तो बंद करून, नुसत्या वायरवर वाजतो का बघा. काही हेडफोन बॅटरी संपली की वायर लावूनही मुके होतात. तुमचा तसा असेल तर त्याची चार्जिंगची वायर हातातल्या बॅगेत ठेवा.
- ट्रान्समीटर घेतला असेल तर मोबाईलचं ब्लूटूथ बंद करा. नाहीतर हेडफोन सवयीने मोबाईललाच जाऊन चिकटतो. मग ट्रान्समीटर आणि हेडफोन दोन्ही जोडणीच्या अवस्थेत (पेअरिंग मोडवर) ठेवून शेजारी-शेजारी धरा.
- ब्लूटूथ हेडफोनला मोबाईलमधून ओळखता येईल असं नाव द्या. विमानाच्या स्क्रीनवर आसपासच्या प्रवाशांच्या हेडफोनची भली मोठी यादी दिसते. त्यात आपलं नाव पटकन सापडलं पाहिजे.

आई-वडील जाणार असतील तर हे तुम्ही करून दाखवू नका, त्यांच्या हातून करून घ्या. पिन आत जाताना "टक" असं हलकंसं जाणवतं. तो स्पर्श बोटांना एकदा कळला की अंधारातही चुकत नाही.

६. काय कुठे ठेवायचं

सोबत घ्यायच्या वस्तू थोड्याच: हेडफोन, त्याची सुटी वायर असल्यास ती, दोन पिनांचा अडॅप्टर, ब्लूटूथवाल्यांसाठी ट्रान्समीटर आणि चार्जिंगची वायर. या सगळ्यांसाठी चेनची एक छोटी पिशवी करा. ती हातातल्या बॅगेत सगळ्यात वर असू द्या, कारण एकदा बॅग डोक्यावरच्या कप्प्यात गेली की खिडकीजवळच्या माणसाला उठणं अवघड होतं.

बॅटरी असलेली वस्तू मोठ्या, चेक-इनच्या बॅगेत टाकू नका. पॉवर बँक तर तिथे चालतच नाही. हातातल्या बॅगेत १०० वॅट-अवरपर्यंतची (वॅट-अवर म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) पॉवर बँक परवानगी न विचारता नेता येते. नेहमीच्या २०,००० एमएएचच्या पॉवर बँकेचे साधारण ७४ वॅट-अवर होतात, म्हणजे ती चालते. पण विमानात ती वापरायला आता अनेक कंपन्या मनाई करतात, तेव्हा सगळं घरून किंवा विमानतळावर चार्ज करून चढा. आणखी एक सावधगिरी: गर्दी असली की कधीकधी दारातच हातातली बॅग काढून घेऊन ती सामानात टाकतात. तसं झालं तर आपली छोटी पिशवी आणि पॉवर बँक आधी बाहेर काढून घ्या.

सुरक्षा तपासणीत मोबाईल, लॅपटॉप, पॉवर बँक यांच्याबरोबर हेडफोनही ट्रेमध्ये ठेवा. गळ्यात अडकवून तपासणीच्या चौकटीतून जाऊ नका.

७. सीटवर बसल्यावर

भोक शोधायचं ते हाताच्या दांडीच्या पुढच्या टोकाला, तिच्या आतल्या बाजूला किंवा स्क्रीनच्या खाली. दांडीवरचं भोक शेजाऱ्याचं नाही ना, ते बघून घ्या. सगळ्यात पुढच्या रांगेत समोर सीट नसते, तिथे स्क्रीन बहुधा दांडीच्या आत दुमडलेली असते आणि ती विमान वर गेल्यावरच बाहेर काढता येते. विमान चढता-उतरताना ती परत आत ठेवावी लागते. पाय पसरायला मिळतात म्हणून ही रांग मागणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

मोबाईल फ्लाइट मोडवर टाका. फ्लाइट मोडमध्येही ब्लूटूथ वेगळं चालू करता येतं. सुरक्षेच्या सूचना चालू असताना कान मोकळे ठेवा. उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी मोठे हेडफोन काढायला सांगितलं तर काढा, प्रत्येक कंपनीचा नियम थोडा वेगळा असतो.

मग क्रम असा: आधी स्क्रीनवरचा आवाज अगदी कमी करा, मग अडॅप्टर पूर्ण आत दाबा, मग हेडफोनची पिन, आणि शेवटी हेडफोन कानावर. आवाज मग हळूहळू वाढवा. मध्येच वैमानिकाची सूचना आली की सिनेमा थांबतो आणि ती सूचना तुमच्या हेडफोनमध्ये एकदम मोठ्याने येते, म्हणूनही आवाज बेताचाच बरा.

अभंग किंवा शास्त्रीय गाणं ऐकणाऱ्यांसाठी थोडं जास्त सांगतो. विमानाची घरघर खर्जातली आणि एकसुरी असते. साध्या हेडफोनमध्ये तंबोरा आणि डग्गा तिच्यात बुडून जातात आणि गाणं पोकळ वाटतं. गोंगाट कमी करणारा हेडफोन नेमका याच खालच्या आवाजावर काम करतो. मिरजेच्या तंबोऱ्याची आस, म्हणजे तो घुमत राहणारा नाद, ज्यांच्या कानात बसली आहे, त्यांनी असा हेडफोन घ्यायला हरकत नाही. बोलणं किंवा बाळाचं रडणं मात्र तो तितकं अडवत नाही.

८. आवाज आला नाही तर

एकाच कानात येतोय: अडॅप्टर अर्धवट बाहेर असेल, पुन्हा दाबा. अडॅप्टर नसेल तर पिन दुसऱ्या भोकात घालून बघा. काही सीटना दोनपैकी एका भोकात दोन्ही कानांचा आवाज असतो.

संगीत येतंय पण बोलणं विहिरीतून आल्यासारखं वाटतंय: हे माइकवाल्या हेडफोनचं दुखणं आहे. त्याच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात आणि जुन्या भोकांत ती नीट जुळत नाही. पिन केसभर बाहेर ओढून बघा.

खरखर येते: अडॅप्टर हळूच फिरवा. भोक झिजलेलं असतं.

काहीच येत नाही: विमान कंपनीचा हेडफोन लावून बघा. त्यातूनही येत नसेल तर दोष सीटचा आहे. डोक्यावरचं किंवा स्क्रीनवरचं माणसाचं चित्र असलेलं बटण दाबा आणि केबिन क्रूला सीटची स्क्रीन रिसेट करायला सांगा. त्याला काही मिनिटं लागतात. एवढं करूनही नाही झालं तर रिकामी सीट आहे का विचारा. आपल्याकडची मंडळी संकोचून गप्प बसतात आणि अख्खा प्रवास मुका काढतात. तसं करू नका, ते त्यांचं कामच आहे.

९. कान जपण्यासाठी

श्रवणयंत्र लावणाऱ्यांनी कानात घुसणारा इयरफोन नेऊ नये. यंत्र न काढता वरून पूर्ण कान झाकणारा मोठा हेडफोन घ्यावा. शीळ वाजली तर हेडफोन थोडा वर-खाली सरकवून बघा. हेही घरी करून बघायचं काम आहे.

विमान खाली यायला लागलं की रबरी टोकाचे इयरफोन काढून ठेवा. ते कान बंद करतात आणि दडे जास्त बसतात. लवंग, वेलची किंवा गोळी चघळत राहा. लहान मुलांच्या हेडफोनचा आवाज तुमच्या हाताने लावा. त्यांच्यासाठी ८० ऐवजी ७५ डेसिबलची मर्यादा सांगितलेली आहे.

१०. काही खाली पडलं तर, आणि उतरताना

कानातलं बोंड किंवा मोबाईल सीटच्या फटीत गेला तर सीट मागे-पुढे करू नका. सीटच्या यंत्रणेत बॅटरी चिरडली तर आग लागू शकते. जागचे न हलता क्रूला बोलवा.

उतरताना सगळ्यात जास्त हरवतो तो अडॅप्टर. आपण हेडफोनची वायर ओढतो, पिन निघून येते आणि ठोकळा सीटमध्येच राहतो. म्हणून वायर न ओढता ठोकळा धरून बाहेर काढा, म्हणजे सगळं एकत्र येईल. दुबई, दोहा किंवा युरोपात विमान बदलायचं असेल तर पुढच्या विमानातही तोच लागणार आहे, आणि तिथल्या सीटला कदाचित वेगळ्या जागी, वेगळ्या प्रकारची भोकं असतील. पहिल्या विमानात एकच भोक होतं म्हणून अडॅप्टर बॅगेच्या तळाशी सारू नका. कंपनीचा हेडफोन मात्र विमानातच ठेवा. त्याला दोन पिना असतील तर त्या घरच्या मोबाईलमध्ये बसत नाहीत.